वरच्या मातीचा जव

धान्य तपासणीच्या प्रयोगशाळेत तिला सगळे नापासबाई म्हणत. तोंडावर नव्हे, तेवढी छाती कोणाची नव्हती. पण तिची पाठ वळली की शिपायापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी तेच नाव. तिच्या कानावर ते आलं होतं आणि खरं सांगायचं तर तिला ते मनातून आवडलंही होतं. बाई पन्नाशी ओलांडलेली, अंगानं काटकुळी आणि बोलायला त्याहून काटेरी. चहा आणून देणाऱ्याला विचारायची, "साखर किती घातलीस?" तो सांगायचा, "एक चमचा." बाई घोट घ्यायची आणि म्हणायची, "खोटं." लग्नाच्या भानगडीत ती पडली नाही. पडली असती तर पहिल्याच आठवड्यात नवऱ्याला नापास करून त्याच्या घरी परत पाठवलं असतं, असं साहेब म्हणत. आणि बोलून झालं की दार नीट लागलंय ना, ते बघून घेत.

तिचं काम होतं जवाचं गाव ओळखायचं. जव दिसायला सगळीकडे सारखाच. वरच्या डोंगरातला असो की खालच्या नदीकाठचा, मुठीत घेऊन सांगा म्हटलं तर भलेभले फसतात. पण रोप ज्या मातीत उभं असतं ती माती ते थोडीथोडी पीत असतं, आणि प्यायलेलं सगळं शेवटी दाण्यात उतरतं. वर कठीण खडक आणि आंबट माती. तिथल्या जवात मँगनीज जास्त, रुबिडियम जास्त, कॅल्शियम बेताचं. खाली सगळी चुनखडीची जमीन; तिथं नेमकं उलट. कॅल्शियम भरपूर, त्याच्या मागंमागं फिरणारं स्ट्रॉन्शियमही भरपूर, आणि मँगनीज रोडावलेलं. बाई दाणे आधी धुवायची, कारण वाटेवरची धूळ दाण्याच्या नावावर चढायला नको. मग वाळवून अकीक दगडाच्या खलात कुटायची. पोलादाची चक्की वापरली तर चक्कीचंच लोखंड जवात मिसळतं. मग ती पूड आम्लात विरघळवून ते पाणी यंत्राला पाजायचं, यंत्र आकडे ओकायचं, आणि बाई ते आकडे भिंतीवरच्या आपल्या तक्त्यावर नेऊन मांडायची. तक्त्यावर वरच्या जवाचे ठिपके निळे आणि खालच्या जवाचे लाल. निळ्यात पडला तो वरचा, लालात पडला तो खालचा. मधेच कुठे लटकला तर बाई दिवसभर कोणाशी बोलायची नाही.

ही सगळी उठाठेव माल्टच्या कारखान्यासाठी. कारखाना आपल्या पोत्यांवर ‘वरच्या मातीचा जव’ असं मोठ्या अक्षरांत छापायचा आणि वरच्या शेतकऱ्यांना भाव चढा द्यायचा. चढा भाव दिसला की माणसाची अक्कल चालायला लागते. काही महाभाग खालचा जव ट्रकनं वर नेत आणि तोच ट्रक वळवून ‘वरचा’ म्हणून खाली आणत. असे कितीतरी जण बाईनं पकडून दिले होते. कोणी रडायचे, कोणी शिव्या द्यायचे. बाईचं उत्तर ठरलेलं असायचं, "माझ्यावर कशाला ओरडता? तुमच्या दाण्यांना विचारा."

एका गोष्टीत मात्र बाई स्वतःच नियम मोडायची. तक्त्यासाठीचे नमुने मधूनमधून नव्यानं गोळा करावे, असा प्रयोगशाळेचा नियम होता. खालचे नमुने ती इमानदारीनं गोळा करी. वरचे मात्र तिनं नोकरीच्या सुरुवातीला एकदा आणले ते आणले. साहेबांनी कधी दबक्या आवाजात विषय काढला की म्हणायची, "डोंगर काय इकडून तिकडं हलतो का?" साहेब फाईल मिटत. खरं कारण त्यांना ठाऊक होतं. वर तिच्या बापाचं घर होतं, आणि त्या घरात आता तिचा धाकटा भाऊ राहायचा.

बाप गेला तेव्हा तिनं भावाकडं एकच गोष्ट मागितली होती. वरच्या अंगाचा एक तुकडा नावापुरता माझा असू दे, कसायचा तूच. भाऊ म्हणाला होता, "तुला शिकवलं ना? तीच तुझी वाटणी." समोरचा चहा तसाच ठेवून ती उठली, ती पुन्हा वर गेली नाही. भावानंही बोलावलं नाही. दोघंही एकाच बापाची. माघार घ्यायचं कोणाच्याच रक्तात नव्हतं.

तरी एक वाक्य तिनं जपून ठेवलं होतं. भावाच्या शेताला बांध लागून ज्याचं शेत होतं त्याला गावात हसरा म्हणत. त्याचे दात पुढं होते, त्यामुळं माणूस रडत असला तरी हसतोय असं वाटायचं. हसरा आपला माल वरच्या शेतकऱ्यांच्या सोसायटीच्या ढिगात न मिसळता वेगळा विकायचा, आणि काही वर्षांपूर्वी त्याचा जव बाईच्या तक्त्यावर थेट लालात पडला. भाऊ सोसायटीचा अध्यक्ष. त्यानं भर सभेत हसऱ्याला बाहेर काढलं आणि सगळ्यांना ऐकवलं, "माझ्या बहिणीचं यंत्र खोटं बोलत नाही." हसऱ्यानं जव सोडला, जमीन पडीक टाकली आणि तो ट्रकवर हमाली करायला लागला. ते वाक्य कोणीतरी बाईच्या कानावर घातलं. हसऱ्याचं पुढं काय झालं हे तिनं विचारलं नाही. वाक्य मात्र कित्येक दिवस मनात घोळवलं.

यंदा कारखान्यानं नवं फर्मान काढलं. सोसायटीचा एकत्र ढीग चालणार नाही, प्रत्येक शेतकऱ्याचा नमुना वेगळा पाहिजे. नमुन्यांवर नावं नसत, नुसते नंबर. बाईनं एकेक करून सगळे तपासले. सगळे निळ्यात पडले, एक सोडून. तो एक तिनं पुन्हा धुतला, पुन्हा कुटला, पुन्हा यंत्राला पाजला. लाल. तिनं शेरा मारला, ‘वरचा नाही’, आणि हात धुऊन घरी गेली.

त्यानंतर एका सकाळी भाऊ प्रयोगशाळेत आला. चपला बाहेर काढायच्या असतात, तो तसाच चिखलाच्या बुटांनी आत घुसला.

"कुठं आहेत त्या मॅडम?"

बाई खल पुसत होती. इतक्या वर्षांनी भाऊ दिसला, त्याचे केस पांढरे झालेले दिसले, आणि तो नंबर कोणाचा होता हे तिला त्याच क्षणी कळलं. तरी ती म्हणाली, "बूट काढ. इथं धूळ चालत नाही."

"माझा जव खालचा? माझा?"

"मला नंबर दिसतात. नावं दिसत नाहीत."

"वा! लहानपणी माझ्या ताटात किती वाढलंय ते बरं दिसायचं!" सगळी प्रयोगशाळा कामं टाकून ऐकायला लागली होती, आणि भावाला तेच हवं होतं. "जमिनीचा तुकडा मिळाला नाही म्हणून आता अख्खी जमीनच उचलून नदीकाठी नेऊन ठेवलीस होय?"

"मी नाही ठेवली. तुझ्या दाण्यांनी ठेवली. खालून ताडपत्री घातलेला ट्रक येतो ना तुझ्याकडं? सगळं गाव सांगतं."

"येतो. वर्षानुवर्षं येतो. त्यात काय असतं ते बघायला तू आलीस कधी?"

"चोराच्या घरी जायची मला हौस नाही."

भावाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं टेबलावर हात आपटला तशी परीक्षानळ्यांची घोडी खळखळली. "पुढच्या आठवड्यात सभा आहे. तुझा शेरा टिकला तर हसऱ्यासारखं मलाही काढतील आणि आपल्या बापाच्या शेतातला दाणा पुन्हा कोणी हातात धरणार नाही. हिंमत असेल तर वर ये. एक तुकडा अजून उभा आहे. स्वतःच्या हातानं ओंब्या तोड, आणि मग म्हण खालचा."

तो गेला. साहेब आपल्या खोलीतून बाहेर आले, त्यांनी चिखलाचे ठसे पाहिले आणि म्हणाले, "भाऊ तुमचा, शेरा तुमचा. निस्तरा तुम्हीच." असं म्हणून त्यांनी हात झटकले. साहेबपण म्हणजे बहुतेक वेळा तेवढंच असतं.

बाई वर गेली ती जिंकायलाच. बसमध्ये बसून तिनं सगळं भाषण तयार केलं होतं. वर थंडी होती म्हणून काळा लोकरी कोट घातला होता, बापाचं घर लांबून दिसलं तेव्हा त्याची सगळी बटणं लावून घेतली.

दारात भावजय उभी होती. "या वन्सं. वाट चुकलात?"

"कामाला आलेय."

"ते दिसतंच आहे. कामाशिवाय तुम्ही कशाला याल? बसा."

बसायला बाहेर काही नव्हतं. बाईनं आत खुर्च्यांकडं पाहिलं. आतून भावाचा आवाज आला, "आत घरची माणसं बसतात." भिंतीला लागून पोत्यांची थप्पी होती. बाई त्यावर बसली, ताठ, जणू तीच जागा तिनं मागितली होती. भावजयीनं कान तुटलेल्या कपात चहा आणून दिला. साखर नव्हती. बाईनं मुकाट्यानं प्यायला; नापास करायची ही जागा नव्हती.

कप ठेवून ती उठली आणि शेताकडं वळली, तशी भावजय मागून हसली. "वन्सं, पाठ बघा आपली. बसल्याबसल्या चुना लागला."

काळ्या कोटाची मागची बाजू पांढरीफटक झाली होती. बाईनं ती पांढरी पूड बोटांनी खरवडली, अंगठ्यानं चोळली. खरखरीत. तिनं एका पोत्याचं तोंड सोडलं, मूठभर पूड बाहेर काढली आणि तशीच उभी राहिली. नदीकाठच्या खाणीतली चुनखडी तिनं अंधारातही ओळखली असती.

"हे इथं कशाला?"

"अगंबाई, हे आम्ही सांगायचं? तुमचाच तर हुकूम." भावजयीच्या आवाजातलं हसू संपलं होतं, नुसता राग उरला होता. "मामंजी दर वर्षी ट्रकभर आणवायचे. ‘माझ्या लेकीनं सांगितलंय, माती आंबट झालीय, चुनखडी टाका.’ गावभर सांगत सुटायचे. लोक हसायचे, म्हणायचे म्हाताऱ्याला लेकीचं वेड लागलंय. एक तो हसरा तेवढा ऐकायचा, त्याला अर्धी पोती द्यायचे. हात फाटायचे त्यांचे, तरी स्वतः पसरायचे. ते गेल्यावर मी यांना म्हटलं, आता तरी हा पांढरा पसारा बंद करा. तर म्हणाले, बाबांचा शब्द आहे. तुमच्या नावानं बोटं मोडतात आणि तुमचीच पूड शेतात टाकतात. या घरातलं शहाणपण हे असलं!"

बाई पुन्हा पोत्यावर बसली. तिला तो दिवस आठवला. नवी नोकरी, नवा रुबाब. तक्त्यासाठी ओंब्या खुडता खुडता ती बापाला म्हणाली होती, "बाबा, माती आंबट झालीय. चुनखडीची पूड टाका." बापानं नुसतं "हं" केलं आणि पाण्याचा पाट वळवायला निघून गेला. त्या ‘हं’वरून तिनं ठरवून टाकलं होतं की बाप आपलं कधी ऐकत नाही. मग घरी आली तरी शेताकडं फिरकली नाही; बाप गेल्यावर त्याच रागात भावाकडं जमीन मागितली, त्यानं दिली नाही म्हणून रुसली. आणि बाप हात फाटेपर्यंत ऐकत होता. बापाला आपण कधी ओळखलंच नाही, हे तिला परक्या घरच्या पोत्यावर बसून कळलं, आणि फार वाईट वाटलं. रडू आलं आणि रागही आला. राग नेहमीसारखा आधी बाहेर पडला.

"मूर्खा!" ती आतल्या खोलीकडं बघून ओरडली. "चुनखडी टाकतोस हे प्रयोगशाळेत सांगायला तोंड शिवलं होतं का तुझं?"

भाऊ दारात आला. "विचारलंस कुठं? चोर म्हणालीस."

चुनखडीनं माती गोडावते, मँगनीज मातीतच अडकून पडतं, कॅल्शियम वर चढतं. हे शाळकरी पोरालाही समजावता येईल इतकं सोपं होतं. दर वर्षी ट्रकभर पडली तर डोंगरातला जव हळूहळू नदीकाठचा दिसायला लागणारच. वरचे नमुने तिनं नव्यानं आणले असते तर केव्हाच लक्षात आलं असतं. डोंगर हलला नव्हता. पण बापानं दर वर्षी एक ट्रक खालचं वर आणलं होतं, तिच्याच सांगण्यावरून.

शेतात जाऊन तिनं मधल्या ओंब्या तोडल्या. मग दगडी बांधाला चिकटून आपोआप उगवलेला जव होता, जिथं पूड कधी पोचत नव्हती, त्याच्याही तोडल्या. मग बांध ओलांडून ती हसऱ्याच्या पडीक शेतात उतरली.

भाऊ पाठोपाठ येत होता. "तिकडं काय आहे तुझं?"

"तुझं आहे तेच."

"त्याचा जव तपासायचं कोणी सांगितलंय?"

पडीक जमिनीत गवतातून जुन्या बियांचा जव अजून डोकं काढून होता. तिनं तोही मधला आणि बांधाचा असा वेगळा घेतला.

प्रयोगशाळेत तिनं चारही नमुने स्वतःच्या हातानं लावले. बांधाचे दोन्ही निळ्यात पडले, मधले दोन्ही लालात. माती तीच, पाणी तेच, मधे जेमतेम काही पावलांचं अंतर. शिपायानं विचारलं, "बाई, काय झालं?" ती म्हणाली, "नापास." कोण, ते सांगितलं नाही.

सभेच्या दिवशी सोसायटीच्या पायऱ्यांवर भाऊ तिची वाट बघत होता. साहेबांकडून त्याला सगळं कळलं होतं. त्याचा आवाज इतका मऊ झाला होता की तिला आधी भीतीच वाटली.

"ताई, माझ्यापुरतं बोल."

"म्हणजे?"

"म्हणजे माझ्या जवाबद्दल बोल. हसऱ्याचं कशाला उकरतेस? तो आता जव पेरतही नाही. त्याचं नाव काढलंस तर लोक विचारतील, त्याला हाकललं कोणी? मला अध्यक्षपद सोडावं लागेल."

"तू एकट्यानं नाही हाकललं. आपण दोघांनी हाकललं."

"तुझं काय जातंय? तू संध्याकाळच्या बसनं खाली जाशील. इथं राहायचंय मला." मग मऊपणा गळून पडला. "बघ, इतक्या वर्षांनी ताई म्हटलं तुला."

"ऐकलं मी," ती म्हणाली आणि आत गेली.

सभागृह गच्च भरलं होतं. लोक तमाशा बघायला आले होते. बहीण भावाला कापणार की सोडणार, यावर बाहेर पैजा लागल्या होत्या. बाई उभी राहिली. तयार केलेलं भाषण बसमध्येच राहिलं होतं.

"अध्यक्षांचा जव वरचाच आहे," ती म्हणाली. "चुनखडी टाकल्यामुळं तो खालचा दिसतो. ती टाकायला मीच सांगितलं होतं. आणि हसऱ्याचाही जव वरचाच होता. तो चोर नव्हता. त्याच्या शेतातही तीच पूड होती."

कोणीतरी मागून ओरडलं, "म्हणजे यंत्र खोटं बोललं?"

"यंत्र नाही. तक्ता जुना होता. मी वर आले नाही."

एवढं बोलून ती थांबली. कुजबुज सुरू झाली आणि मग सगळ्यांच्या माना मागं वळल्या. शेवटच्या रांगेत हसरा उभा होता, हमालीच्या कपड्यांत. चेहरा नेहमीसारखाच हसरा. तो गर्दीतून वाट काढत पुढं आला, बाईच्या अगदी समोर उभा राहिला.

"माझा बाप त्या शेतात खपला. मी चोर असं नाव घेऊन ते सोडलं," तो म्हणाला. "आता काय करू मी तुमच्या निळ्या ठिपक्याचं?"

बाईनं "चुकलं माझं" असं म्हटलं, पण ते इतकं हळू की त्याला ऐकू गेलं की नाही कोण जाणे. तो अध्यक्षांच्या खुर्चीकडं एकदा बघून निघून गेला. त्यानंतर भावाला त्या खुर्चीवरून उतरवायला कोणाला फार बोलावं लागलं नाही.

बाहेर बसची वेळ झाली होती. बाईनं कोट चढवला. पाठीवरचा पांढरा डाग अजून तसाच होता, तिनं तो झटकला नव्हता. भाऊ पायरीवर पाठमोरा बसला होता.

"झालं समाधान? एकदा लाल ठिपक्यानं बुडवलंस, एकदा निळ्यानं."

"हो," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

बस वळणावर दिसली. ती निघाली तेव्हा त्यानं मान न वळवताच विचारलं, "पुढच्या वर्षी पूड टाकायची की नाही, तेवढं सांगून जा."

ती थांबली. "टाक. बंद केलीस तर माती पुन्हा आंबट होईल. अर्धी पोती हसऱ्याच्या बांधावर ठेव, घेवो न घेवो. नमुने घ्यायला मी दर वर्षी येईन."

"ये. पण घरात पाऊल ठेवायचं नाही."

"पोत्यावर बसेन," ती म्हणाली.